तुपाचं यमक

रोहण्याच्या बस थांब्यासमोर भैय्याजींचं दुकान आहे. दोर, कासरे, वेसणी, घुंगरमाळा, बैलाच्या शिंगांना लावायचा रंग. गावात बैल कमी झाले म्हणून आता ताडपत्री आणि फवारणीचे पंपही असतात. भैय्याजींचं वय बासष्ट. ऐकायला थोडं कमी येतं. स्वतःबद्दल कोणी बोललं की मात्र बरोबर येतं, असं त्यांच्या घरचे म्हणतात.

मी वर्ध्याला कॉलेजात साहित्य शिकायला जायचे. सकाळची बस कधी वेळेवर आली नाही. पाच वर्षं मी त्यांच्या दुकानातल्या लाकडी पेटीवर बसून तिची वाट पाहिली. आमची मैत्री त्या पेटीवरची. माझे वडील शाळेत क्लार्क आहेत. भैय्याजी त्यांना 'साहेब' म्हणतात आणि मला 'साहित्य'.

"काय साहित्य, आज कोणाले शिकून राह्यली?"

मी सांगायचे. ते दोर वळता वळता ऐकायचे. एकदा मी त्यांना सांगितलं की जगभरच्या गोष्टींमध्ये लोभी माणसाचा शेवट वाईट होतो. कुणी दगड होतो, कुणी बुडतो, कुणाच्या ताटातलं अन्न सोनं होऊन बसतं.

"अन् ऐकणारा?" त्यांनी विचारलं.

"ऐकणाऱ्याचं काय?"

"त्याचा शेवट कसा होते?"

तेवढ्यात बस आली.

भैय्याजी झडत्या रचायचे. आमच्याकडे पोळ्याला संध्याकाळी बैलांच्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात. आंब्याच्या पानांचं तोरण रस्त्यावर आडवं बांधलेलं असतं. ते तुटायच्या आधी माणसं पुढे येऊन यमकांच्या ओळी म्हणतात. वर्षभर गावात जे झालं त्यावर टोमणे. कोण चढला, कोण पडला, कोण खाऊन बसला. या ओळी म्हणजे झडती. प्रत्येक झडतीनंतर सगळ्यांनी 'हर हर महादेव' म्हणायचं. तो गजर झाला की झडती गावाला मान्य झाली. तोरणाचा दोर भैय्याजींच्या दुकानातून जायचा आणि शेवटची झडती त्यांची असायची. हे पस्तीस वर्षं चाललं होतं.

त्यांचे नियम तीन. नाव घ्यायचं नाही. मेलेल्या माणसावर म्हणायचं नाही. ज्याच्या घरी त्या वर्षी दुःख झालं, त्याच्यावर म्हणायचं नाही. बाकी सगळे मोकळे. एका वर्षी त्यांनी वहिवाटीची वाट नांगरून आपल्या वावरात घेणाऱ्या माणसावर म्हटलं. आठव्या दिवशी वाट मोकळी झाली होती. त्या माणसाला कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

"तुमच्या झडतीत लोभ्याचा शेवट का नसतो?" मी एकदा विचारलं.

"कायले सांगू? तो तं समोरच उभा राह्यते. बैलाचा कासरा धरून. आपला शेवट तो आपल्याच पायानं घरी घेऊन जाते."

हे मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला लोभाच्या गोष्टींचं मर्म समजलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याची गोष्ट आहे. त्याआधी आमच्याकडच्या काही जणांची वावरं मोठ्या रस्त्यात गेली होती आणि पैसे आले होते. अण्णाजींची सर्वांत जास्त जमीन गेली. ते धान्याचे अडते. घर आधीच मोठं होतं, आता ते तीन मजली झालं. फाटकाला सोनेरी रंग आला. चारी कोपऱ्यांवर कॅमेरे लागले. गावातल्या लोकांना तिथे पाणी मागायचीही भीती वाटू लागली. त्यांच्या भिंतीला लागून अनुसयाबाईंचं घर. त्या विधवा, एकट्या. मुलगी मयुरी पुण्याला नोकरीला. अनुसयाबाईंचं दोन एकर वावर गेलं, त्या पैशात त्यांनी कौलं काढून दोन खोल्यांवर स्लॅब टाकला.

भैय्याजी तोरणाखाली बैलगाडीवर चढले. गाव शांत झालं. त्यांनी म्हटलं:

*वावरातून रस्ता गेला, घरात आलं धन,*
*घरावर पडला स्लॅब, अन् लहान झालं मन.*
*दारावर कॅमेरा, कुलपावर कुलूप,*
*शेजारी मागे ताक तं म्हणे, सारं झालं तूप!*

तूप म्हणताच हशा फुटला. असा हशा मी आजवर पोळ्यात ऐकला नव्हता. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडत होती. सर्वांत मोठ्यांदा अण्णाजी हसत होते. हसता हसता त्यांनी मान वळवली आणि शाळेच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तिथे बायका उभ्या होत्या, आणि त्यांत अनुसयाबाई.

अण्णाजींच्या मागून सगळ्या माना तिकडे वळल्या.

"वा, वा!" अण्णाजी म्हणाले. "याले म्हणते झडती!" त्यांनी पुढे येऊन भैय्याजींच्या खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला. हर हर महादेवचा गजर झाला. तोरण तुटलं.

सगळं जुळत होतं ना. अनुसयाबाईंच्या घरावर स्लॅब पडला होता. महिन्याभरापूर्वी त्यांच्या ओसरीच्या खांबावर कॅमेरा लागला होता. आणि ताक. त्यांच्याकडे गाय होती, अर्ध्या गावाला त्या ताक द्यायच्या. त्या महिन्यात गेलेल्या बायकांना त्यांनी 'नाही' म्हणून परत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव 'तूपवाली' पडलं.

आमच्याकडे कोणी कोणाला वाळीत टाकत नाही. तेवढं करावंच लागत नाही. गौरी-महालक्ष्म्यांना दरवर्षी पाच घरचं पुरण पाट्यावर वाटायला अनुसयाबाई जायच्या. त्या वर्षी एकाही घरून बोलावणं आलं नाही. "त्याईले काय आता, त्या मोठ्या लोकाईत," बायका म्हणायच्या. रस्त्याने त्या गेल्या की मागून कोणीतरी यमक सोडायचं. त्या वळून पाहत नसत. भाजी घ्यायला त्या देवळीहून येणाऱ्या गाडीची वाट पाहू लागल्या, गावातल्या दुकानात जाईनाशा झाल्या.

थंडीत एकदा आईने मला त्यांच्याकडे पातेलं परत द्यायला पाठवलं. ते आमच्याकडे उन्हाळ्यापासून पडून होतं. मी ओसरीवर पाय ठेवला.

"कोण आलं गं, आई?" खांब बोलला.

मी दचकले. पातेलं हातातून सुटलं.

"अवं, आपली इला हाय," अनुसयाबाई खांबाकडे पाहून म्हणाल्या. "साहेबाची. तू कर तुह्यं काम." मग माझ्याकडे वळल्या. "मयुरी हाय. त्या डब्यातून बोलते. जेवली का, गोळी घेतली का, उन्हात काऊन बसली. सासू पाहिली नाई अशी."

"ऐकू येते मले," खांब म्हणाला.

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. रस्त्यावरून त्याची फक्त पाठ दिसते. त्याचं तोंड आत होतं, अंगणाकडे, जिथे पाण्याची टाकी आणि न्हाणी आहे. दाराकडे नव्हतंच. त्या घरात चोर आला असता तर तो त्यात दिसलाही नसता.

त्या वर्षी आषाढात अनुसयाबाई न्हाणीजवळ घसरल्या होत्या. सकाळी नऊला. खुब्याला मार लागला. उठता येईना. ओरडल्या, पण बाजूला अण्णाजींच्या घराचं काम चाललं होतं, यंत्राच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. पाऊस आला, थांबला, पुन्हा आला. संध्याकाळी गाय हंबरायची थांबेना तेव्हा कामावरचा बाहेरगावचा एक मजूर डोकावला. मयुरी आली, कॅमेरा लावून गेली. वाकता येत नव्हतं म्हणून गाय विकली.

"मंग ताक कुठून देऊ?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, विचारतीन. गाय कुठं गेली असं कोणीतरी विचारीन. कोणी विचारलं नाई."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"कोणाले? झडती झाली ना."

मी तिथून सरळ दुकानात गेले. भैय्याजींना सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचं तोंड, न्हाणी, गाय. मला वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. ते म्हणतील, मी ती अण्णाजींवर रचली होती, लोकांनी भलतंच घेतलं.

त्यांनी हातातला दोर खाली ठेवला.

"ती अण्णाजीवर होती," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"अण्णाजीच्या घरी गाय नाई. कधीच नव्हती. तो ताक कुठून देईन?"

मी पेटीवर बसले.

"कुलूप आलं. मंग तूप आलं. तूप आलं तं ताक आणा लागलं. पोळ्याच्या आधी तीन दिवस मी त्या तुपावर खुश होतो. बायकोले चार वेळा म्हणून दाखवली." त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. "अन् तोरणाखाली अण्णाजीनं मान वळवली तवाच मले समजलं. लोकाईनं कोणाकडे पाह्यलं ते मले गाडीवरून दिसत होतं, साहित्य. तुमच्याहून जास्त दिसत होतं. तवा एक शब्द बोललो असतो तं झालं असतं."

"मग?"

"हशा चालू होता ना."

ते इतकंच म्हणाले. मी पाच वर्षं साहित्य शिकले. लोभावर मी एक पूर्ण निबंध लिहिला होता, त्यात सोनं होतं, सावकार होते, राजे होते. भुकेल्यासारखा हशा खाणारा माणूस त्यात नव्हता. तो तर माझ्यासमोर पाच वर्षं बसला होता, आणि मी त्याच्या ओळी वहीत उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी अनुसयाबाईंच्या घरी गेले. परत आले तेव्हा मी पेटीवर होते.

"काय म्हणाल्या?"

"चहा पाजला." ते गादीवर बसले. "म्हटलं, बाई, चुकलं माह्यं. त्या म्हणे, तुमी घरी येऊन सांगून राह्यले, भैय्याजी. मले तं तोरणाखाली सांगतलं होतं."

पुढचा पोळा आठ महिन्यांवर होता.

उन्हाळ्यात अण्णाजी दुकानात आले. ताडपत्री हवी होती. जाता जाता म्हणाले, "बाई जाऊन राह्यली पोरीकडे पुण्याले. घर मले देते. पोळा झाला का रजिस्ट्री. चला, गाडी लावायले जागा झाली." मग हसले. "तुमचीच मेहेरबानी म्हणा, भैय्याजी."

भैय्याजींनी ताडपत्री गुंडाळून दिली. अनुसयाबाईंचा जन्म रोहण्यातलाच, सासरही रोहण्यातलंच. वर्ध्यापलीकडे त्या दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा दवाखान्यात.

मग पोळा आला. गेल्या वर्षीचा. बैलांच्या सोळा जोड्या होत्या. त्यांच्यामागे धुतलेले, हार घातलेले ट्रॅक्टर. अनुसयाबाई पायऱ्यांवर सगळ्यांत कडेला उभ्या होत्या. गावातला शेवटचा पोळा म्हणून आल्या होत्या. अण्णाजी पुढे होते, हातात नवा शेला आणि नारळ तयार.

तिघाचौघांच्या झडत्या झाल्या. नळाच्या पाण्यावर, सोयाबीनच्या भावावर, पळून जाऊन लग्न केलेल्या एका जोडप्यावर. मग भैय्याजी गाडीवर चढले.

*रोहण्याचा भैय्याजी, दोराचं दुकान...*

लोक हसले. भैय्याजी नाव घेत नाहीत, आणि आज घेतलं तर स्वतःचंच. मोठी गंमत येणार असं वाटून माणसं पुढे सरकली.

*लोकाईच्या हशाची त्याले मोठी तहान.*
*यमक भेटलं तुपाचं, खरं देलं टाकून,*
*अनुसयाबाईच्या दारी आला चिखल फेकून.*
*शेला घेतला, नारळ घेतला, गप्प राह्यला साल,*
*चोर होता तोरणाखाली, बाईवर आला आळ.*

ते थांबले. गजर झाला नाही.

कोणी हसलंही नाही. एका बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली, पुन्हा शांत. पस्तीस वर्षांत त्यांच्या झडतीला गजर मिळाला नाही असं कधी झालं नव्हतं. ते गाडीवर उभे होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"अरे, सणाच्या दिवशी हे काय रडगाणं!" अण्णाजी म्हणाले. "दुसरी सांगा, भैय्याजी. मजेची."

"आज एवढीच हाय."

गर्दीतून कैलास ओरडला. पहिल्या जोडीचा कासरा त्याच्याच हातात होता. "मंग ते मागच्या सालची कोणावर होती, भैय्याजी?"

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलं. अण्णाजींच्या हातातला नारळ खाली आला. मला वाटलं, आता. आता एक नाव येईल आणि मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट हशा फुटेल. सगळे आतुर झाले होते. मीही झाले होते. हे मला लिहावं लागेल.

भैय्याजींनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"ते सोड, कैलास," ते म्हणाले. "आज माह्यी हाय."

मग पायऱ्यांवरून आवाज आला.

"भैय्याजी, वारा होता. मले ऐकू नाई आलं. परत सांगा."

अनुसयाबाई पायऱ्या उतरून येत होत्या. एक पाय किंचित ओढत. बायका पोळ्यात पायऱ्यांवरूनच पाहतात, गाडीपर्यंत कोणी येत नाही. माणसं बाजूला झाली. वारा अजिबात नव्हता.

भैय्याजींनी पुन्हा म्हटलं. सहाही ओळी.

"जरा जोरात. मागच्या साली कसे जोरात होते तुमी."

कोणीतरी खुसखुसलं. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं, गळ्याच्या शिरा ताणून. 'आळ'वर आवाज फाटला.

"हाव, आता आलं ऐकू," अनुसयाबाई म्हणाल्या. मग गावाकडे वळल्या. "काय पाहून राह्यले? झडती झाली ना? बैलं ताटकळले बाप्पा, म्हणा ना महादेवाचं!"

गजर झाला. आधी थोडा, मग पूर्ण. कैलासने बैल पुढे काढले. तोरण तुटलं. अनुसयाबाई गर्दीतून परत फिरल्या. अण्णाजींसमोर आल्यावर थांबल्या.

"अण्णाजी, गाडी तुमच्याच अंगणात लावजा. मी नाई जात."

मग मात्र गाव हसलं. पोटभर हसलं. तो हशा अनुसयाबाईंचा होता. त्या त्यासाठी थांबल्या नाहीत, ओढत्या पायाने घराकडे निघाल्या. माझ्या आईने पायऱ्या उतरून त्यांना गाठलं. मग आणखी दोघी-तिघी गेल्या. आई त्यांना काय म्हणाली ते मला माहीत नाही. पातेलं सहा महिने ठेवून घेणाऱ्या बाईला बरंच बोलायचं असणार.

भैय्याजी गाडीवरून उतरले. त्यांच्याकडे कोणी आलं नाही. लोक त्यांच्या बाजूने वाट काढून बैलांमागे मारुतीच्या देवळाकडे गेले. शेला अण्णाजींबरोबर घरी गेला.

पुढच्या आठवड्यात मी पेटीवर बसले होते. नोकरीसाठी पुलगावला जाते आता, बस तीच.

"तुम्ही अण्णाजींचं नाव का घेतलं नाही?" मी विचारलं. "खरंच तर होतं ते. लोकही विचारत होते."

भैय्याजी कासऱ्याला गाठ मारत होते.

"चांगला वाटलो ना मी तुले?"

"हो."

"मंग खरं सांगतो. नाव तोंडात आलतं. अन् त्याच्यामागून यमकही आलतं. त्या तुपाहून भारी होतं, साहित्य. एवढं भारी आजवर सुचलं नाई मले." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "ते यमक आलं म्हणून मी भेलो. तोंड बंद केलं. दुसरं काही नाई."

"काय होतं ते?"

ते हसले. मान हलवली.

यंदाच्या पोळ्यात झडतीला त्यांना कोणी बोलावलं नाही. तोरणाचा दोर मात्र त्यांच्याच दुकानातून गेला. ते शेवटच्या ट्रॅक्टरजवळ उभे होते. एका तरुण पोराने मोबाइलमध्ये पाहून झडती म्हटली, यमक दोन ठिकाणी चुकलं. भैय्याजींचे ओठ हलले. त्यांनी ते नीट करून मनात म्हटलं असणार. मग सगळ्यांबरोबर हात वर करून त्यांनी त्या पोरासाठी गजर केला.

ते यमक त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं आहे.